शेलारांनी फक्त तीन नंबर बंद केला होता

वारज्याच्या कंपनीत मी एकतीस वर्षं काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. कुणी विचारलं की ‘आयटीत आहे’ असं सांगायची. ते ऐकून समोरच्याच्या डोळ्यांपुढे हिंजवडीच्या काचेच्या इमारती यायच्या. आमचं ऑफिस फर्निचरच्या दुकानाच्या वर होतं, आणि सगळे मिळून आम्ही चौदा जण. भंडाऱ्याहून डिप्लोमा करून आलेल्या मुलीला तेव्हा तेही पुष्कळ होतं.

आम्ही कोल्ड स्टोरेजवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बनवायचो. मार्केट यार्डातली मिरची, चिंच, सफरचंदं ज्या गार चेंबरांमध्ये महिनोन् महिने पडून असतात, ती चेंबर थंड ठेवायला नळ्यांमधून अमोनिया फिरवतात. नळीत आहे तोवर तो आपलं काम करतो. बाहेर आला की डोळे आणि छाती जाळतो. म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये भिंतीवर एक सेन्सर असतो. हवेत अमोनिया ठरलेल्या मापापेक्षा वाढला, की त्या चेंबरचा भोंगा वाजतो आणि आतली माणसं बाहेर पळतात. सेन्सरचं ऐकून भोंगा वाजवायचा की नाही, हे ठरवणारा प्रोग्रॅम मी लिहायची.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकानं नवा सेन्सर धुळीनं खराब होऊ नये म्हणून त्याला प्लास्टिकची पिशवी घालून वरून रबर लावलं होतं. सहा महिने त्याचं कोल्ड स्टोरेज देवाच्या भरवशावर चाललं. अशा गोष्टी आम्ही डबा खाताना एकमेकांना सांगून हसायचो. चूक नेहमी गिऱ्हाइकाची असायची, आणि त्यामुळे आम्ही जरा फुशारलोही होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

यार्डाजवळच्या एका कोल्ड स्टोरेजला आठ चेंबर होती. तिथे प्लँट ऑपरेटर होते काशिनाथ शेलार. हडपसरच्या पुढच्या एका गावातून रोज सायकलनं यायचे. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न, जाड भिंगाचा चष्मा. कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जाणार आहे ते सांगायचे. आम्ही तिथे संगणकाचा पडदा बसवला तेव्हा त्यांनी माझ्याकडून सगळी बटणं दोनदा समजून घेतली आणि वहीत चित्रं काढून ठेवली.

त्या दिवशी सकाळी दहा-सव्वादहाला त्यांचा फोन आला.

“मॅडम, तीन नंबरचा भोंगा उगाच वाजतुया. गॅस न्हाई, मी सोता बघितलं. सेन्सरवर वरनं पाणी ठिबकतंय.”

“चेंबरमध्ये कुणी आहे?”

“समदी बाहेर काढली. हमाल लोक खोळंबल्यात.”

“मग तीन नंबरला कुलूप लावा आणि पडद्यावरून तेवढा तीनचा भोंगा बंद करा. मी दुपारी येते.”

“बरं. तीनचाच बंद करतो,” ते म्हणाले. माणसानं जसं करायला हवं तसंच ते करत होते.

साडेबाराच्या सुमारास पाच नंबरच्या चेंबरमध्ये एका व्हॉल्व्हचं पॅकिंग गेलं आणि अमोनिया बाहेर यायला लागला. आत तिघे हमाल चिंचेची पोती रचत होते. कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणाऱ्यांना अमोनियाचा थोडा वास रोजचाच असतो. नाक सरावतं, आणि वास वाढला तरी ते लवकर सांगत नाही. त्याचसाठी भोंगा असतो. पाच नंबरचा भोंगा वाजलाच नाही.

दोघे दाराजवळ होते, ते खोकत बाहेर पडले. तिसरा, सोपान, थप्पीच्या अगदी वर होता. त्याला खाली उतरेपर्यंत दिसेनासं झालं. शेलारांनी ओलं गोणपाट तोंडाला गुंडाळलं, आत शिरले आणि त्याला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. मग परत जाऊन बाहेरच्या बाजूचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते सोपानच्या डोळ्यांवर पिंपातलं पाणी ओतत बसले होते. मी पोहोचले तेव्हा त्याला घेऊन गेले होते. अंगणात ओली जमीन होती, आणि शेलार भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. त्यांचे स्वतःचे डोळे लालबुंद झाले होते.

“पाचचा वाजला न्हाई, मॅडम,” एवढंच ते म्हणाले.

मी पडद्यापाशी गेले. आठही चेंबरांचं तापमान मोठ्या आकड्यांत दिसत होतं, प्रत्येकाचं वेगळं आणि बरोबर. त्याखाली भोंगा चालू की बंद हे दाखवणारी घंटेची खूण होती, बोटाच्या नखाएवढी. ती खूण मीच तेवढी लहान ठेवली होती, कारण पडदा सुटसुटीत दिसायला हवा होता. आठही घंटांवर काट मारलेली होती.

यंत्रणा दर मिनिटाला नोंद ठेवायची. नोंदीत स्वच्छ दिसत होतं. दहा वाजून अठरा मिनिटांनी आठही भोंगे एकाच वेळी बंद झाले होते. कामावर कोण, तर ‘का. शेलार’. कुठलं बटण दाबलं गेलं याची नोंद आम्ही ठेवत नव्हतो. वार्षिक तपासणीसाठी ‘सर्व चेंबर’ असं एक बटण मात्र पडद्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी कोल्ड स्टोरेजच्या मालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. सरकारी तपासणी अधिकारी यायचे होते, पोलीस जबाब घेऊन गेले होते. सोपान अतिदक्षता विभागात होता. मालक घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाला एक नाव हवं असतं. त्यांनी नोंदीचा कागद शेलारांपुढे सरकवला.

“तुम्ही तीनच्या ऐवजी सगळ्यांचं बटण दाबलंत.”

“न्हाई शेठ. तीनच दाबलं.”

“मग हे काय भुतानं केलं?” मालक माझ्याकडे वळले. “मॅडम, एक चेंबर बंद केलं तर बाकीची आपोआप बंद होतात, असं काही तुमच्या सिस्टिममध्ये आहे का?”

शेलार माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “नाही. तसं होणं शक्य नाही.”

मला ते खरंच वाटत होतं. तो प्रोग्रॅम मी लिहिला होता, तपासला होता, आणि तो अकरा ठिकाणी चालू होता. शेलारांना त्याच दिवशी घरी बसवलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत, असं सांगून. जाताना त्यांनी आपली चित्रांची वही टेबलावर ठेवली. त्यांच्या फोनचं काय, असं मला कुणी विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन काही बोलले नाही. फोनवर तीन म्हणाले तरी दाबताना चुकले असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आमच्या कंपनीचे मालक आपटे सर. सदाशिव पेठेतले, कमी बोलणारे, आणि बोलले की टोचणारे. त्यांनी मला अहवाल लिहायला सांगितलं. “आपली यंत्रणा निर्दोष आहे हे आपण त्यात सिद्ध करायचं आहे. विशेषणं नकोत, पडद्याची चित्रं टाका.”

चित्रांसाठी मी ऑफिसच्या टेबलावर छोटा संगणक मांडला आणि प्रोग्रॅममध्ये दोन चेंबर उघडली. आत्तापर्यंत आम्ही टेबलावर एकाच चेंबरवर चाचणी करत आलो होतो. भोंगा बंद केला, बंद झाला का? झाला. चालू केला, वाजला का? वाजला. प्रत्यक्ष जागेवरही एकेक चेंबर घेऊन हेच केलं होतं. एक बंद असताना दुसरा वाजतो का, हे बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मी एक नंबरचं बटण दाबलं. एकच्या घंटेवर काट आली. दोनच्या घंटेवरही आली.

मी पुन्हा चालू केलं, पुन्हा दाबलं. मग चारपाच वेळा. टेबलाशी आणखी कुणी नव्हतं याचं तेव्हा मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

आता ही चूक काय होती, ते जरा सांगते. पायथन नावाच्या भाषेत मी तो प्रोग्रॅम लिहिला होता. त्यात ‘क्लास’ नावाचा प्रकार असतो. चेंबर म्हणजे काय, त्यात काय काय असतं, याचं वर्णन एकदाच लिहायचं. तो क्लास. मग त्या वर्णनावरून एक नंबर, दोन नंबर अशी हवी तेवढी चेंबर संगणकात तयार करायची. त्यातल्या प्रत्येकाला इन्स्टन्स म्हणतात. चेंबरची माहिती दोन ठिकाणी ठेवता येते. चेंबर तयार होतानाच त्याच्या स्वतःच्या नावावर ठेवली, तर ती ज्याची त्याची. पण वरच्या वर्णनातच लिहून ठेवली, तर ती सगळ्यांत मिळून एकच.

मी आयुष्यभर जुन्या भाषांत काम केलेलं. तिथे साधारणपणे वर्णनात लिहिलेली गोष्ट प्रत्येकाला आपापली मिळते, सामाईक हवी असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. पायथन मी पंचेचाळिशीत शिकले, घाईत शिकले, आणि जुन्या सवयीनं सगळं वर्णनातच लिहिलं. तापमान तिथेच आणि भोंग्याची यादीही तिथेच. यादी म्हणजे भोंगा चालू की बंद, किती अमोनियाला वाजवायचा, असं सगळं एकत्र.

तापमान बरोबर का येत होतं, तर ते दर वेळी नवं यायचं. चेंबरच्या नावानं नवी किंमत दिली, की पायथन ती त्या चेंबरपाशीच ठेवतो, वरच्या सामाईक किमतीला हात लावत नाही. त्यामुळे माझी चूक झाकली गेली. भोंग्याची यादी मात्र मी नवी कधी देतच नव्हते. जुन्याच यादीत जाऊन ‘चालू’चं ‘बंद’ करत होते. पायथन आधी तीन नंबरपाशी यादी शोधायचा. तिथे नाही, म्हणून वर जायचा, सगळ्यांची मिळून असलेली यादी त्याला मिळायची, आणि ‘बंद’ तिच्यात लिहिलं जायचं. लिहिताना नाव तीन नंबरचं, बंद आठही.

दुरुस्ती एका ओळीची होती. यादी बनवायची ओळ वर्णनातून उचलून, चेंबर जिथे तयार होतं तिथे नेऊन ठेवायची. मला चार मिनिटं लागली.

आपटे सरांना बोलावून मी दोन्ही घंटा दाखवल्या. त्यांनी स्वतः बटण दाबून बघितलं. चष्मा काढून पुसला.

“अकरा ठिकाणी हेच आहे?”

“हो.”

“आज सगळीकडे माणसं पाठवा. दुरुस्ती होईपर्यंत कुणीही भोंगा बंद करायचा नाही, मी स्वतः फोन करतो.” मग थोडं थांबून म्हणाले, “अहवालात ‘सुधारित आवृत्ती बसवली’ एवढंच लिहा.”

“आणि शेलार?”

“ते मला कळतंय, मेश्राम बाई. चौदा घरं आहेत या ऑफिसवर, तेही कळतंय. मला दोन दिवस द्या.”

मी दोन दिवस दिले. मग आणखी तीन गेले. मधल्या काळात अकराही ठिकाणची दुरुस्ती झाली. सोपानला साध्या वॉर्डात हलवलं, डोळे वाचले, छातीला मात्र वेळ लागेल असं डॉक्टर म्हणाले. मी रोज ऑफिसला जात होते, काम करत होते, जेवत होते. कुणी मला धरून ठेवलं नव्हतं. कधीही उठून जाऊन सांगू शकले असते.

सहाव्या दिवशी शेलारच आले. दोन बस बदलून, फर्निचरच्या दुकानाचा जिना चढून. हातात फोन होता.

“बसा ना,” मी म्हणाले. ते बसले नाहीत.

“मॅडम, ह्यात टायम हाय बघा. धा वाजून चौदा मिंटं. मी तुमाला फोन केला व्हता. तीन नंबर म्हणलो व्हतो का न्हाई?”

“म्हणाला होतात.”

“तेवढं तरी सांगा की कुनाला. गावात लोक म्हंत्यात, ह्यानं मानूस मारला असता. पोरगी बी इचारती, आबा, तुमी चष्मा घातला व्हता का?” ते थांबले. “आता मला बी वाटाय लागलंय, बोट चुकलंच आसंल. झोपंत तेच दिसतंय. तीनवर बोट ठिवतो आन् ते घसारतंय.”

मी उठले, छोटा संगणक त्यांच्यापुढे ओढला आणि जुना प्रोग्रॅम चालू केला. “एक नंबर दाबा,” म्हणाले. त्यांनी जपून दाबलं, आणि दुसऱ्या घंटेवरही काट आलेली त्यांनी पाहिली. चष्मा वर करून, पडद्याला नाक लावून पाहिली.

“बोट तुमचं बरोबर होतं,” मी म्हणाले. “प्रोग्रॅम चुकीचा होता. मी लिहिलेला. मला पाच दिवसांपूर्वी कळलंय.”

त्यांनी चष्मा खाली घेतला. मग खुर्चीवर बसले.

“पाच दिस,” ते म्हणाले.

“हो.”

“म्हंजी मी येडा झालो नव्हतो.”

मला रडू आलं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही, आणि ते योग्यच होतं. मी म्हणाले, सगळं लिहून देते, तुमच्या मालकांना पत्र देते.

“पत्र शेठच्या कपाटात जाईल. माज्यासंगं तिथं चला. हमालांम्होरं सांगा. त्येंच्यात मी रोज उठतो-बसतो. आन् सोपानम्होरं सांगा, त्यो आला की.”

आतून आपटे सर कधी बाहेर आले होते ते आम्हाला कळलं नव्हतं. मला वाटलं, आता अडवतील. ते शेलारांना म्हणाले, “पाणी घेतलंत का?” आणि मग मला, “लेटरहेडवरही लिहून न्या. तोंडी बोललेलं या गावात कुणी मानत नाही. खाली माझीही सही घ्या, नाहीतर लोक म्हणतील बाईंना पुढे केलं.” पत्र लिहून होईपर्यंत ते शेलारांसमोर बसून राहिले.

पुढचं इथेच सांगून टाकते. पत्र तपासणी अधिकाऱ्यांकडे गेलं. त्यांनी दोष दोघांवर ठेवला, पॅकिंग वेळेवर न बदलणाऱ्या मालकांवर आणि आमच्यावर. ते गिऱ्हाईक गेलं, आणखी दोन गेली. ऑफिस चौदाचं नऊवर आलं. कमी झालेल्या पाचांपैकी एकीशी माझी चांगली मैत्री होती, ती पुढे कधी बोलली नाही. शेलारांना परत घेतलं. मला आपटे सरांनी काढलं नाही. “आता ही चूक तुम्ही परत करणार नाही, नवा माणूस करील,” एवढंच कारण त्यांनी दिलं.

पण हमालांसमोर सांगायचं काम सोपान येईपर्यंत थांबलं होतं; सगळ्यांसमोर एकदाच सांगा, असं शेलारच म्हणाले होते. तीन आठवड्यांनी तो आला, मफलर गुंडाळून, काळा चष्मा लावून. माल उतरवायच्या ओट्यासमोर वीस-बावीस माणसं जमली. मालक केबिनच्या दारात उभे राहिले. मी ओट्यावर उभी राहून सांगितलं. क्लास आणि इन्स्टन्स हे शब्द तिथे उपयोगाचे नव्हते. मी म्हणाले, आठ चेंबरांना आठ वेगवेगळे खटके हवे होते. मी चुकून सगळ्यांना मिळून एकच खटका बसवला, आणि त्यावर आठ नावं लिहिली. शेलारांनी फक्त तीन नंबर बंद केला होता. सगळे बंद झाले ते माझ्यामुळे. आणि मी पाच दिवस गप्प बसले.

मागून एकानं विचारलं, “आता आठ हायेत कशावरनं?”

“दाखवते,” मी म्हणाले.

दुपारभर ते चाललं. शेलारांनी पडद्यावर तीन नंबर बंद केला. मग मी अमोनियाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा बाटलीत घेऊन एकेका चेंबरच्या सेन्सरखाली धरत गेले, आणि ते सगळे माझ्यामागून आले. एक वाजला. दोन वाजला. तीन गप्प राहिला, तेव्हा कुणीतरी मान हलवली. चार वाजला. पाचच्या दाराशी सोपान थांबला. बाकीचेही थांबले. मी आत गेले, हात वर केला. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही, तशी मी बाटली आणखी जवळ नेली. मग भोंगा वाजला, भिंती हादरतील असा.

मी बाहेर आले तरी तो वाजत होता. सोपाननं कानांवर हात ठेवले नाहीत. चष्म्याआडून पाणी गालावर येत होतं, पण डोळे त्याचे तेव्हा तसेच गळायचे. आवाज थांबेपर्यंत तो ऐकत उभा राहिला.

“लई मोठा हाय की,” तो म्हणाला. “त्या दिवशी वाजला आसता, तर मला वर ऐकू आला आसता.”

“हो,” मी म्हणाले. “आला असता.”